प्रवेश का नाकारला जातो? : शालेय ऑनलाइन कामातील साधनपात्रता व दोषशोधन

प्राथमिक शाळेच्या दप्तराचा बराच भाग आता कपाटातून पडद्यावर गेला आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी महाराष्ट्रात २०१५ साली सरल प्रणाली आली. शाळांच्या माहितीसाठी २०१८-१९ पासून यू-डायस प्लस आली आणि २०२२-२३ पासून तीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. वेतनाची देयके शालार्थ प्रणालीतून जातात, शालेय पोषण आहाराची दैनिक नोंद मोबाइलवरून होते आणि अध्ययनसाहित्य दीक्षावर मिळते. ही कामे शिक्षकांच्या अंगवळणी पडली असली, तरी एक अडचण वारंवार उद्भवते. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरीही पडद्यावर प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो, आणि त्याचे कारण कोणते व उपाय कोणी करावयाचा, हे उमगत नाही.

ही अडचण वरकरणी क्षुल्लक भासते. परंतु तिचे परिणाम क्षुल्लक नाहीत. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा व भोवतालच्या खेड्यांसारख्या भागात दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक रेंज व पासवर्ड यांच्या मागे अर्धा दिवस गुंतला, तर दोन वर्गांचे अध्यापन त्या दिवसापुरते बुडते. मुदतीत नोंद न झालेला विद्यार्थी यू-डायस प्लसमध्ये कोणत्याही शाळेच्या पटावर न राहता ‘ड्रॉपबॉक्स’ नामक यादीत जातो. म्हणजे वर्गात नियमित बसणारे मूल शासनाच्या दप्तरी शाळाबाह्य दिसू लागते. संचमान्यता ऑनलाइन पटसंख्येवर ठरते, त्यामुळे शिक्षकाचे पदही याच नोंदींशी बांधलेले आहे. म्हणून प्रवेश नाकारण्यामागील पद्धती समजून घेणे आणि दोष शोधण्याची निश्चित रीत अंगी बाणवणे प्रत्येक मुख्याध्यापकास व शिक्षकास उपयुक्त आहे.

प्रवेशद्वारावरील पाच प्रश्न

कोणतीही सुरक्षित प्रणाली वापरकर्त्यास आत घेण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे पाहते. सर्वच प्रणाली पाचही प्रश्न विचारत नाहीत; परंतु नकार येतो तो यांपैकीच एखाद्या ठिकाणी.

(१) येणारा कोण आहे? हे नाव, पासवर्ड व ओटीपी यांवरून ठरते.
(२) त्यास कोणत्या कामाचा अधिकार आहे? शाळेच्या लॉगिनला आपल्याच शाळेची माहिती दिसते. केंद्र, गट व जिल्हा या स्तरांचे अधिकार निराळे असतात.
(३) तो कोणत्या साधनावरून आला आहे, आणि ते साधन सुस्थितीत आहे काय?
(४) तो कोठून व कोणत्या जोडणीवरून आला आहे?
(५) तो योग्य वेळी आला आहे काय? म्हणजे काम भरण्याची मुदत चालू आहे काय, आणि साधनाचे घड्याळ बरोबर आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांची शिक्षकांना सवय आहे. तिसरा प्रश्न अनेकांना नवा आहे व गोंधळ मुख्यतः तेथेच होतो. यालाच साधनाची पात्रता म्हणतात.

साधनाची पात्रता म्हणजे काय?

वाशीम जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांना सोयाबीनचे उदाहरण सहज पटेल. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर शेतकरी ओळखीचा असतो, सातबारा त्याच्या नावे असतो, नोंदणीही झालेली असते. तरीही दाण्यातील ओलावा ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक निघाला, तर माल परत जातो. ही मर्यादा सामान्यतः १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. परत पाठवण्यात शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसते. ओला माल कोठारात गेला, तर शेजारच्या कोरड्या पोत्यांनाही बुरशी लागते, एवढेच त्यामागील कारण. उपायही स्पष्ट आहे. माल वाळवून पुन्हा आणावयाचा. फाटकावर वाद घातल्याने ओलावा कमी होत नाही.

साधनाचेही तसेच आहे. मोबाइल अथवा संगणक फार जुना असेल, त्याच्या कार्यप्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले असेल, त्यास पडदा-कुलूप नसेल, किंवा त्यातील मूळ बंधने तोडून तो ‘रूट’ केला असेल, तर त्यावरून येणारा प्रामाणिक शिक्षकदेखील प्रणालीस धोका ठरू शकतो. विंडोज ७ या कार्यप्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त करण्यात आला. शाळांना देणगीतून मिळालेल्या अनेक संगणकांचे वय पाहता ही माहिती महत्त्वाची आहे. असा संगणक चालू होतो, त्यावर टंकलेखन होते. मात्र नवे संकेतस्थळ त्यावर अर्धवट उघडते किंवा मुळीच उघडत नाही.

मोठ्या उद्योगसंस्थांत ही तपासणी अधिक कडक असते. कर्मचाऱ्याचा संगणक कंपनीच्या नियंत्रण-प्रणालीत नोंदवलेला असतो व तो आपली स्थिती मधूनमधून तिला कळवतो. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या प्रणालीत हे कळवणे साधारणपणे आठ तासांनी एकदा होते. त्यामुळे दोष दुरुस्त केल्यावरही दारावरील जुना शेरा काही काळ कायम राहतो. कर्मचाऱ्यास वाटते, दुरुस्ती फुकट गेली. त्याने संगणक जोडणीवर चालू ठेवून स्थितीची नोंद पुन्हा मागवावी लागते. शालेय प्रणालींतही याचे प्रतिरूप आढळते. वरच्या स्तरावर केलेला बदल शाळेच्या लॉगिनला दिसण्यास कधी वेळ लागतो. अशा वेळी लॉगिनमधून पूर्णपणे बाहेर पडून पुन्हा आत यावे आणि थोडा अवधी द्यावा. एकच दुरुस्ती घाईने चार वेळा केल्यास गुंता वाढतो.

पासवर्डच पुरेसा का नाही?

संगणकावर पासवर्डचा वापर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६०-७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. एकच संगणक अनेकांनी वापरावयाचा असल्याने प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखण्यासाठी फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने ही योजना केली. १९६२ साली, म्हणजे महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्याच वर्षी, तेथील ॲलन शेर या संशोधकाने सर्वांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. त्यास आठवड्यास मिळणारे संगणकाचे तास अपुरे पडत होते, म्हणून त्याने इतरांच्या नावे काम केले. पासवर्डच्या युगारंभीच पासवर्डची चोरी झाली, ही गोष्ट बोधप्रद आहे. जे दुसऱ्यास कळू शकते, ते एकटे पहारा देऊ शकत नाही. म्हणून पुढे ओटीपी आला आणि त्यानंतर साधनाची तपासणी आली.

दोष शोधण्याची रीत

दोषशोधन म्हणजे अंदाज बांधणे नव्हे. गणितातील चूक शोधताना शिक्षक विद्यार्थ्यास पायरीपायरीने मागे नेतो, तीच शिस्त येथेही लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि प्रवेश मिळाला, तर दोष कोणता होता हे कळत नाही व तो पुन्हा आल्यावर सर्व खटाटोप नव्याने करावा लागतो.

पहिली पायरी, संदेश उतरवून घ्यावा. पडद्यावर आलेले शब्द, आकडा, दिनांक व वेळ जशीच्या तशी लिहून ठेवावी. ‘साइट चालत नाही’ या वाक्यातून दुरुस्त करणाऱ्यास काहीच कळत नाही. संदेशातील आकडे मात्र बरेच सांगतात. ४०१ म्हणजे येणाऱ्याची ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण परवानगी नाही. येथे पासवर्ड बदलून सहसा उपयोग होत नाही. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा प्रयत्न झाले. थांबणे हाच उपाय. ५०० पासून पुढचे आकडे दोष पलीकडच्या संगणकात असल्याचे दर्शवतात. शिक्षकाने आपल्या मोबाइलमध्ये फेरफार करण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी, दोष आपल्यापुरता आहे की सर्वांचा, हे ठरवावे. केंद्रातील दुसऱ्या शाळेस दूरध्वनी करून विचारावे. सर्वांचीच अडचण असेल, तर प्रणालीवर भार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. मुदतीच्या अखेरच्या दिवशी असे होण्याचा संभव अधिक, म्हणून माहिती आधीच भरण्याचा प्रघात ठेवावा. एकट्याचीच अडचण असेल, तर पुढे जावे.

तिसरी पायरी, तेच लॉगिन शाळेच्याच दुसऱ्या चांगल्या साधनावर करून पाहावे. तेथे प्रवेश मिळाला, तर खाते निर्दोष व साधन सदोष. तेथेही नकार आला, तर साधनाकडे न पाहता खाते व अधिकार यांकडे वळावे. या एका परीक्षेने निम्मे काम होते.

चौथी पायरी, साधन सदोष ठरल्यास पुढील क्रमाने तपासावे.

(अ) दिनांक व वेळ. सुरक्षित संकेतस्थळास ओळखपत्रासारखे मुदतीचे प्रमाणपत्र असते. संगणकाची आतील लहान बॅटरी संपली व वीज गेली, की त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग त्या दिनांकास ते प्रमाणपत्र सुरूच झालेले नसते आणि ब्राउझर जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा देतो. दिनांक व वेळ आपोआप राखण्याची सोय चालू करावी. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा अंकही घड्याळावरच चालतो. घड्याळ मागेपुढे झाल्यास बरोबर अंकदेखील चूक ठरतो.

(आ) जोडणी. मोबाइलचा डेटा व वायफाय आळीपाळीने वापरून पाहावे. व्हीपीएन चालू असल्यास बंद करावे. त्यामुळे शिक्षक गावात असूनही प्रणालीस तो परदेशातून आल्यासारखा दिसतो.

(इ) ॲप व ब्राउझर. नवी आवृत्ती अधिकृत प्ले स्टोअरमधूनच घ्यावी. मोबाइलमध्ये जागा नसेल, तर आवृत्ती बदलत नाही. म्हणून आधी अनावश्यक चित्रफिती काढाव्यात.

(ई) ब्राउझरची साठवण. ब्राउझर पूर्वीच्या भेटीच्या खुणा जपून ठेवतो व त्या कधी आड येतात. खासगी खिडकीत संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथे ते नीट चालले, तर साठवलेली माहिती पुसावी.

(उ) साधनाची सुरक्षा. पडदा-कुलूप लावावे. मोबाइल रूट केलेला असल्यास काही ॲप मुळीच चालत नाहीत. असा मोबाइल शालेय कामास वापरू नये.

पाचवी पायरी, खाते सदोष ठरल्यास अनेकदा चुकीच्या प्रयत्नांमुळे ते काही काळ बंद झाले आहे काय, ते पाहावे. नसल्यास नोंदलेला मोबाइल क्रमांक कोणाचा, हे शोधावे. मुख्याध्यापकाची बदली होऊन वर्ष लोटले, तरी ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जात असल्याचे अनेक ठिकाणी घडते. शेवटी अधिकार तपासावा. यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. त्यात पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन गटाचे, नंतरचे तीन गावाचे व अखेरचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ व वाशीमचा ०६ असल्याने जिल्ह्यातील प्रत्येक शाळेचा क्रमांक २७०६ ने सुरू होतो. एक अंक चुकला, तर प्रणालीच्या दृष्टीने शिक्षक दुसऱ्याच शाळेच्या दाराशी उभा असतो.

आडमार्ग आणि त्यांची किंमत

नकार आला की आडमार्ग सुचतात. आपला पासवर्ड नेट कॅफेच्या चालकास देणे, सर्व शाळांचे पासवर्ड व्हॉट्सॲप समूहावर टाकणे, अनोळखी दुव्यावरून ॲप उतरवून घेणे, हे त्यांतील प्रमुख होत. काम त्या दिवशी होते, यात शंका नाही. परंतु त्या लॉगिनमागे मुलांची नावे, जन्मदिनांक, आधार क्रमांक व पालकांची माहिती असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क (इंग्रजी क्रमानुसार ६६-सी) अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने अथवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ज्याच्या लॉगिनने नोंद बदलते, ती बदलल्याचे उत्तर प्रथम त्यालाच द्यावे लागते. दाखल-खारीज रजिस्टर ज्याप्रमाणे कोणी बाजारात ठेवून येत नाही, त्याप्रमाणे पासवर्डही ठेवू नये.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जून २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांतील पुढील गोष्टी शाळांनाही मार्गदर्शक आहेत. जुनाट कार्यप्रणाली वापरू नये. मोबाइल रूट करू नये. शासकीय कागदपत्रे बाहेरच्या स्कॅनर ॲपने टिपू नयेत. ती खासगी साठवण-सेवांवर ठेवू नयेत. आणि निरनिराळ्या सेवांना एकच पासवर्ड वापरू नये. पासवर्ड लांब असावा. चार असंबद्ध शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षात राहतो व ओळखण्यास कठीण जातो. गावाचे नाव व पुढे १२३ ही जोडी कोणालाही सुचते. फसवणूक झाल्याचे, विशेषतः पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

वरिष्ठांना कसे कळवावे?

वरील पायऱ्या करूनही प्रवेश न मिळाल्यास अधिक प्रयत्न करण्यात वेळ दवडू नये. केंद्रप्रमुखामार्फत गटसाधन केंद्रातील एम.आय.एस. समन्वयकास लेखी कळवावे. अहवालात पुढील बाबी असाव्यात: शाळेचे नाव व यू-डायस क्रमांक, कोणत्या प्रणालीवर कोणते काम करावयाचे होते, संदेशाचे नेमके शब्द व आकडा, दिनांक व वेळ, साधनाचा प्रकार व कार्यप्रणालीची आवृत्ती, दुसऱ्या साधनावर काय घडले, शेजारच्या शाळेस हीच अडचण आहे काय, कोणत्या पायऱ्या केल्या. पासवर्ड व ओटीपी अहवालात कदापि लिहू नयेत, कोणी मागितले तरी सांगू नयेत. असा अहवाल मुदतीपूर्वी गेला असेल, तर काम वेळेत न होण्याचे कारण शाळेच्या दप्तरी नोंदले जाते व शिक्षकावर निष्काळजीपणाचा ठपका येत नाही.

नियम करणाऱ्यांची जबाबदारी

साधनपात्रतेचा विचार एकांगी होऊ नये. गावातील शिक्षक बहुधा स्वतःच्या खर्चाने घेतलेल्या मोबाइलवर शासनाचे काम करतो. नवे ॲप सक्तीचे केले व ते त्याच्या मोबाइलवर चालत नसेल, तर तो दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही. उद्योगसंस्थांत नवा नियम लागू करण्यापूर्वी तो काही दिवस केवळ निरीक्षणासाठी चालवण्याची पद्धत आहे. त्या काळात कोणास अडवले जात नाही; नियम लागू झाल्यास किती जण अडतील, याची यादी मात्र तयार होते. हीच रीत केंद्रस्तरावर सहज अवलंबिता येईल. नवे काम सांगण्यापूर्वी केंद्रप्रमुखांनी दोनतीन शाळांत, त्यांतही सर्वांत जुने साधन असलेल्या शाळेत, ते करून पाहावे. ज्यांची साधने अपुरी पडतील, त्यांच्यासाठी केंद्रशाळेच्या संगणकावर ठरावीक दिवस राखून ठेवावा.

शाळेत करावयाची व्यवस्था

प्रत्येक शाळेने एक ‘साधन व लॉगिन नोंदवही’ ठेवावी. तीत प्रत्येक साधनाची खरेदी वा देणगीची तारीख, कार्यप्रणाली, अखेरची दुरुस्ती आणि प्रत्येक लॉगिनशी जोडलेला मोबाइल क्रमांक लिहावा. पासवर्ड लिहू नये. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना रोकडवही, जडवस्तुसंग्रह नोंदवही व शिक्के यांबरोबर सर्व लॉगिनही सोपवावेत. येणाऱ्याने आपला क्रमांक नोंदवून, नवा पासवर्ड करून, एकदा प्रवेश घेऊन पाहावा व मगच कार्यभाराच्या यादीवर स्वाक्षरी करावी. पुढे वर्षभर होणारी धावपळ या अर्ध्या तासाने टळते.

शिक्षण परिषदेत या विषयास एक तासिका देणे इष्ट होईल. प्रत्येक शाळेने मागील महिन्यात आलेला एक नकार, त्याचा संदेश व अखेरीस सापडलेले कारण सांगावे आणि ते केंद्राच्या वहीत उतरवून ठेवावे. सहा महिन्यांत त्या केंद्रापुरती दोष व उपायांची उत्तम मार्गदर्शिका तयार होईल आणि नवख्या शिक्षकास ती कोणत्याही छापील पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल. पडद्यावरील काम लवकर व बिनचूक आटोपले, तर उरलेला वेळ फळ्यापाशी व मुलांपाशी जातो. आणि ज्या मुलांसाठी या साऱ्या नोंदी ठेवावयाच्या, त्यांचा खरा अधिकार त्याच वेळेवर आहे.